तीन वेळा एन. ए. डी.

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. साल शहाण्णव. माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला स्वतःचा हात कधी पोचत नाही नेमक्या त्या जागी एक गळू आलं. वाटाण्याएवढं होतं तोवर मी ते कुणाला सांगितलं नाही. लिंबाएवढं झाल्यावर बायकोला सांगितलं. तिने कांदा भाजून पोटीस बांधलं, औषधांच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि पुढचे तीन दिवस मी घोड्यावरच्या नवरदेवासारखा ताठ बसून कचेरीत काम केलं. चौथ्या दिवशी ताप चढला. चुकून खुर्चीला पाठ टेकली तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आमचे अव्वल कारकून स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते फाइल हरवली तरच जागचे उठायचे.

त्याच दुपारी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका पंधरा-वीस खाटांच्या हॉस्पिटलात मला दाखल केलं. मोठे डॉक्टर पाठ बघून म्हणाले, काळपुळी आहे, कापून साफ करावी लागेल. ते गेल्यावर एक तरुण डॉक्टर माझी माहिती लिहून घ्यायला आला. मी पालथा पडलो होतो, तोंड उशीत. तो भराभर विचारत होता आणि मी उशीतून उत्तरं देत होतो. दमा? नाही. कावीळ झाली होती? नाही. शुगर? आईला होती. गोळ्या चालू आहेत ना? चालू आहेत. आधी कुठलं ऑपरेशन? नाही. त्याने शेवटी माझी सही घेतली. पालथ्याने केलेली ती सही माझ्या वडिलांच्या अंगठ्यासारखी दिसत होती.

मी त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि कलेक्टर कचेरीत लिपिक होतो. माझी शाखा जिल्हादंडाधिकाऱ्यांची. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे असायचा. माझं इंग्रजी म्हणजे ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ या एका वाक्याच्या आगेमागे जेवढं लागतं तेवढंच होतं, पण ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. सिडकोतल्या आमच्या गल्लीत माझी कीर्ती वेगळी होती. कुणाला वीज मंडळाची नोटीस आली, कुणाच्या मुलाला नोकरीचं बोलावणं आलं, कुणाचा एक्स-रे निघाला, की कागद घेऊन माणसं माझ्या ओट्यावर यायची. मी चष्मा लावायचो, कागद दूर धरायचो, थोडं गप्प बसायचो आणि काहीतरी सांगायचो. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

असा माणूस हॉस्पिटलात पडलेला, आणि त्याची स्वतःची फाइल खाटेच्या पायथ्याशी लोखंडी पट्टीला टांगलेली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली वाचलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी सिस्टरला सांगितलं की पंख्याचा वारा डोक्याला लागतो, उशी दुसऱ्या टोकाला घेतो. जानेवारी महिना होता आणि पंखा बंद होता. तिने माझ्याकडे पाहिलं, वर पंख्याकडे पाहिलं आणि उशी बदलून दिली. आता मी पालथा पडल्या पडल्या हात खाली सोडला की फाइल हाताला लागत होती.

पहिल्या पानावर ठळक लिहिलं होतं: आय अँड डी. कचेरीत आय म्हणजे इनवर्ड, डी म्हणजे डिस्पॅच, आवक-जावक. काळपुळीची आवक कशी झाली ते मला माहीत होतं, जावकही काल झाली होती, तेव्हा यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. त्याखाली माझं वय, आणि त्यापुढे तिरक्या रेघा मारून के/सी/ओ, आणि मग डी. एम. हे वाचून मला बरं वाटलं. सी. ओ. म्हणजे कलेक्टर ऑफिस. डी. एम. म्हणजे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट, आमचे जिल्हादंडाधिकारी; त्यांच्या नावाचा शिक्का मी रोज दीडदोनशे वेळा मारत असे. राहिला के. तो पोरगा क्लार्क हा शब्द के वरून सुरू करत असणार, अशी मी समजूत करून घेतली. हल्लीच्या डॉक्टरांचं स्पेलिंग आपण किती मनावर घ्यायचं.

संध्याकाळी बायको डबा घेऊन आली तेव्हा मी तिला ती ओळ दाखवली. म्हटलं, बघ, पहिल्याच ओळीत आपली ओळख लिहून ठेवली आहे. पुढच्या पानांवर दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच लिहिलं होतं, सगळ्यात आधी, के/सी/ओ डी. एम. माझ्या हुद्द्याची एवढी दखल कचेरीतही कुणी घेत नव्हतं.

“एवढी ओळख आहे तर मग चहात साखर का नाही घालत?” बायकोने विचारलं.

हे मात्र खरं होतं. हॉस्पिटलचा चहा बिनसाखरेचा यायचा. जेवणात भात नसल्यासारखाच, गोड काही नाही. मी ते काटकसरीत जमा केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बायको येताना कागदाच्या पुडीत साखर आणू लागली. भेटायला येणारी माणसंही रिकाम्या हाताने येत नव्हती. संक्रांत नुकतीच झालेली, घरोघरी तिळगूळ उरलेला. माझ्या उशीखाली नेहमी आठ-दहा लाडू असायचे. रोज सकाळी रक्त घेऊन जायचे, जेवणाआधी पोटावर एक बारीक सुई टोचायचे, आणि मोठे डॉक्टर राउंडला आले की रिपोर्ट बघून म्हणायचे, हे उतरत का नाहीये. मग सिस्टरला काहीतरी वाढवायला सांगायचे. मला वाटायचं, तापाचं बोलताहेत.

चौथ्या दिवशी मी फायलीतलं छापील पान गाठलं. त्यावर इंग्रजीत एकाखाली एक छापलं होतं: हृदय, फुप्फुसं, मज्जासंस्था. प्रत्येकापुढे रिकामी रेघ, आणि त्या तिन्ही रेघांवर एकाच पेनाने, एकाच घाईने लिहिलेली तीच तीन अक्षरं. एन. ए. डी. एन. ए. डी. एन. ए. डी.

ही मला येईनात. मी कचेरीतल्या सगळ्या शाखा डोळ्यांसमोरून नेल्या. एन. ए. म्हणजे नॉन अॅग्रिकल्चरल, बिनशेती. तेवढं जुळत होतं, पण माझं हृदय बिनशेती आहे हे डॉक्टरांनी लिहून ठेवायचं कारण नव्हतं. मी पान उलटलं, परत फिरवलं. गळू पाठीवर होतं. मग हृदयात, फुप्फुसांत आणि डोक्यात, तिन्ही ठिकाणी, एकच काय निघालं? बरं, तीन ठिकाणी निघूनही कुणी आपल्याला सांगत नाही, याचा अर्थ कुठल्याही घरातला वडीलधारा माणूस जो लावेल तोच मी लावला.

विचारायला काय हरकत होती, असं आज कुणीही म्हणेल. सिस्टर दिवसातून सहा वेळा येत होती, डॉक्टर दोन वेळा. शेजारच्या खाटेवर येवल्याचा एक पैठणी विणणारा होता, हर्नियाचं ऑपरेशन झालेला. तो डॉक्टरांचा हात धरून ठेवायचा आणि नीट कळेपर्यंत सोडायचा नाही. मला ते जमण्यासारखं नव्हतं. त्यानेच पहिल्या दिवशी माझी चौकशी करून सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं की हे साहेब इंग्रजीचं काम बघतात. दुपारी तो आपला केसपेपर मला दाखवायचा आणि मी त्याला समजावून द्यायचो. आता त्याच्या देखत मी सिस्टरला काय विचारणार होतो?

नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. डिस्चार्ज कार्डावर पुन्हा ते सगळं उतरवलेलं होतं, तीन वेळा एन. ए. डी. सकट, आणि खाली सूचना: पूर्वीचीच ट्रीटमेंट चालू ठेवावी. तेवढं इंग्रजी मला येत होतं. पूर्वी माझी काहीच ट्रीटमेंट नव्हती, तेव्हा पूर्वीसारखंच राहावं असं ते सुचवताहेत, असा मी अर्थ घेतला. म्हणजे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.

कचेरीत रुजू झाल्यावर रजेच्या अर्जाला ते कार्ड जोडावं लागलं. अव्वल कारकुनांनी ते सावकाश वाचलं, अर्जावर सही केली आणि काळजी घ्या म्हणाले. बारा वर्षांत त्यांनी मला काळजी घ्या असं एकदाही म्हटलेलं नव्हतं. ते गेल्यावर मी आमच्या शाखेतला जाडा इंग्रजी-मराठी कोश काढला. त्याचं पुठ्ठं गेलेलं होतं आणि एक्सच्या पुढची पानंही. एन मात्र शाबूत होतं. नॅड असा शब्द नव्हता. पण जिथे तो असायला हवा होता त्याच्या लगेच खाली होता नेडिर, आणि त्यापुढे अर्थ: अधोबिंदू, अत्यंत खालावलेली अवस्था. डॉक्टर लोक शब्द पुरते लिहीत नाहीत हे मला तोवर पक्कं ठाऊक झालं होतं. मी कोश मिटला आणि त्या दिवशीचे शिक्के मारायला घेतले. माझं हृदय, फुप्फुसं आणि मज्जासंस्था अत्यंत खालावलेल्या अवस्थेत होती, आणि टपाल साडेपाचच्या आत जायला हवं होतं.

एकदा उत्तर माझ्या अगदी जवळून गेलं. कार्डावर एका गोळीपुढे एस. ओ. एस. असं लिहिलेलं होतं. बुडणाऱ्या जहाजावरून तो संदेश पाठवतात हे मी वाचलेलं, म्हणून मी घाबरून औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, त्याचा अर्थ एवढाच की दुखलं तर घ्यायची. मला एवढं हलकं वाटलं की मी कार्ड उलटून त्याला ती तीन अक्षरंही दाखवायला लागलो. तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक शिक्षक दुकानात आले. त्यांच्या घरपट्टीच्या कागदाचा अर्थ मी गेल्याच महिन्यात सांगितला होता. ते म्हणाले, साहेब, काय वाचताय? काही नाही म्हणालो, कार्ड खिशात घातलं आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी आलो.

डॉक्टरांनाही मी विचारलं, म्हणजे माझ्या परीने विचारलं. दर तीन दिवसांनी ड्रेसिंगला जावं लागत होतं, कारण जखम भरत नव्हती. एकदा ते पाठीमागे काम करत असताना मी सहज विचारल्यासारखं केलं, “डॉक्टरसाहेब, ते हृदयाचं आणि फुप्फुसांचं जे तुम्ही लिहिलंय, ते किती दिवस असंच राहील?”

“राहू द्या की तसंच,” ते म्हणाले. “त्यात आपण काही करायची गरज नाही. गोळ्या वेळेवर घेताय ना?”

घेतो म्हणालो. जखमेच्या गोळ्या मी वेळेवर घेतच होतो.

त्यानंतरचे पाच आठवडे मी एका विशिष्ट शांततेत घालवले. मरणार हे कळलेल्या माणसाला वागायची एक सभ्य पद्धत असते असं मला वाटायचं, आणि ती मी पाळत होतो. कुणावर चिडत नव्हतो. बायको बोलली तर ऐकून घेत होतो. एकच सूट स्वतःला दिली होती. मला लहानपणापासून गोडाचं वेड, आणि आता आवरून धरायला काही कारण दिसत नव्हतं. रोज कचेरी सुटली की रविवार कारंजाच्या बाजूने घरी जायचं आणि वाटेत एका हलवायाकडे उभ्यानेच पावशेर जिलबी खायची, असा नेम झाला. घरी बायको माझी उतरलेली तब्येत बघून शिरा करायची. मला तहान फार लागायची. कचेरीतलं माठाचं पाणी मी एकटा संपवतो अशी कुजबुज सुरू झाली. दर तासाला उठून बाहेर जावं लागायचं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. हे सगळं कोशात लिहिल्याप्रमाणेच चाललं होतं.

शेवटी बायकोला सांगणं भाग पडलं. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचा पहिला प्रश्न, डॉक्टरांना विचारलं का. विचारलं, म्हटलं, ते म्हणाले तसंच राहणार. ती बराच वेळ धान्य निवडत बसली. मग म्हणाली, “सायखेड्याला जाऊन या.”

सायखेड्याला माझा थोरला भाऊ राहतो. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, सातवी शिकलेला. गोदावरीच्या काठी थोडं शेत आहे, त्यात तो टोमॅटो, फ्लॉवर असलं करायचा. त्याची आणि माझी सात वर्षं बोलचाल नव्हती. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं. चुलत काकांची नावं होती, आत्याच्या यजमानांचं होतं, एका मयत मामाचंही होतं. सख्ख्या काकाचं नव्हतं. दादा म्हणाला, छापखान्यात ओळ गळली. ओळ कशी गळते आणि कशी गाळतात, हे मला चांगलं माहीत होतं. मी लग्नाला गेलो नाही. हॉस्पिटलात होतो तेव्हाही बायको कळवू म्हणत होती आणि मी नको म्हटलं होतं.

फाल्गुनातल्या एका रविवारी मी एस. टी. ने निघालो. चांदोरी सोडून गाडी पुलावर आली, नदी दिसली आणि आपण काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं. दादा अंगणात क्रेटच्या फळ्या ठोकत बसला होता. त्याने मला पाहिलं, हातातला हातोडा खाली ठेवला आणि वहिनीला हाक मारून पाणी आण म्हणाला. मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायलो आणि आणखी मागितलं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, भाऊजी, निम्मे राहिलात की.

मग त्यांनी शेवयांची खीर केली. आम्ही ओसरीवर बसलो. मी वाटी हातात घेतली आणि सगळं एकदम सांगून टाकलं. पाठीचं, हॉस्पिटलचं, हृदय, फुप्फुसं आणि डोकं तिन्ही गेल्याचं. आता मनात काही ठेवायचं नाही, म्हणून आलो, म्हणालो.

दादा जमिनीकडे बघत राहिला. बोटाने फळीवरची धूळ पुसत होता. मग म्हणाला, “वळ गळाली नव्हती. म्याच काढाया लावली.”

“का?” मी विचारलं.

“साखरपुड्यात तू चारचौघांत बोलला, पोरगा बारावीच हाय, नोकरी नाय, काय बघितलं म्हनून. तिच्या सासऱ्यानं ऐकलं ते. म्या त्याच दिवशी छापखान्यात गेलो.” त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. “सात वर्सं झाली. रोज वाटायचं, सांगावं. आता तू आसा आला.”

ते वाक्य मी बोललो होतो. मला ते सात वर्षं आठवलंच नव्हतं. आठवलं तेव्हा त्या मांडवातला उकाडासुद्धा आठवला, आणि आपण ते किती ऐटीत बोललो होतो तेही. मी दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग नाक पुसून तो म्हणाला, “कागद आनला का?”

मी शबनममधून कार्ड काढलं. दादाने ते आधी उलटं धरलं, मग सरळ केलं. त्याला इंग्रजी येत नाही, पण तो ते असं निरखून बघत होता की मला वाटलं, त्याला काहीतरी करायचं आहे म्हणून बघतोय. मग त्याने वहिनीला खुंटीवरची पिशवी मागितली. तिच्यातून एक मळकी घडी निघाली, सरकारी दवाखान्याचा केसपेपर. त्याने तो माझ्या कार्डाशेजारी पसरला आणि टोमॅटोच्या झाडाने हिरवं झालेलं नख एका जागी टेकवलं.

“हे पोट सुटलेलं अक्षर, आन् त्याच्याम्होरं हे दोन डोंगरांचं. हितं बी हाय आन् तुझ्यात बी हाय.”

मी बघितलं. डी. एम. आणि त्याच्याआधी, तिरक्या रेघांसकट, के/सी/ओ.

“पण तू कुठे कलेक्टर कचेरीत आहेस?” मी विचारलं.

दादा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू माझं डोकं खरंच गेलं असावं. “म्या कशाला आसंल कचेरीत,” तो म्हणाला. “ही साखर हाय. आईला व्हती ती. मला पाच वर्सांपासून हाय.”

ते त्याला कसं माहीत, असं मी विचारलं. त्याचं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. तो म्हणाला, पहिल्यांदा कागद हातात आला तेव्हाच त्याने डॉक्टरला सांगितलं होतं की मला यातलं वाचता येत नाही, एकेक अक्षराचं सांगा, मगच उठतो. डॉक्टरने सांगितलं होतं. ती रेघांची तीन अक्षरं म्हणजे, याला हा आजार आहे हे आधीपासून माहीत आहे. मी मनात ती ओळ पुन्हा वाचली. हॉस्पिटलात सगळ्यांना ते माहीत होतं. सिस्टरला, पोटावर सुई टोचणाऱ्याला, चहावाल्याला. फक्त मला नव्हतं.

“आणि हे?” मी कार्डावरच्या एन. ए. डी. वर बोट ठेवलं. त्याच्याही कागदावर ते होतं, तीन नव्हे, चार ठिकाणी.

“त्ये व्हय,” दादा म्हणाला. “तिथं काय बी बिघाड घावला नाय म्हंजी.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण पहिल्यांदा जे वाटलं ते निराळं होतं. पाच आठवडे मी ज्याला भीत होतो ती माझ्या शरीरातली धडधाकट जागा होती, आणि जी ओळ वाचून मी खुशीत आलो होतो तिथे माझा आजार लिहिलेला होता. मी हे कसंबसं बोलून दाखवत असताना वहिनी पुढे आल्या आणि माझ्या हातातली खिरीची वाटी काढून घेऊन आत गेल्या. वाटी निम्मी भरलेली होती. दादाच्या पुढ्यात पहिल्यापासून नुसता चहा होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“म्हंजी तू मराया लागलेला नाय,” दादा म्हणाला.

“नाही. तसं दिसत नाही.”

त्याने आपला केसपेपर पुन्हा पिशवीत घातला. “आदी कागद दाखवायचा ना मंग,” तो म्हणाला. “म्या उगाच बोलून बसलो.”

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत अर्धी रजा टाकली आणि हॉस्पिटलात गेलो. मोठ्या डॉक्टरांनी फाइल मागवली, पहिली ओळ दाखवली आणि म्हणाले, लिहिलंय की, नोन केस ऑफ डायबेटिस मेलिटस. कुणाला नोन, असं मी विचारलं. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली. डॉक्टरांनी मला बसवलं. त्या तरुण डॉक्टरने लिहून घेतलं होतं: शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. पुढच्या प्रत्येकाने ते वाचून पुढे नेलं. तो पोरगा पुढच्या शिक्षणाला निघूनही गेला होता. उशीत तोंड खुपसून, दुखण्याच्या गोळ्यांचं विचारताहेत असं समजून दिलेली माझी उत्तरं मला आठवली आणि मी त्याच्याविषयी जास्त बोललो नाही. डॉक्टर ओशाळले होते. त्यांनी रक्त तपासलं, आकडा बघून गोळ्या लिहून दिल्या आणि काय खायचं, काय नाही ते स्वतःच्या हाताने मराठीत लिहून दिलं. ते अक्षरही मला लागेना. या वेळी मी विचारलं.

तीन आठवड्यांत जखम भरली. पट्ट्याची भोकं बुजली नाहीत, पण त्यातलं एक पुन्हा उपयोगात आलं. गल्लीतल्या लोकांचे कागद मात्र कमी झाले. मी आता अधूनमधून म्हणू लागलो होतो की हे मला कळत नाही, ज्याने दिलं त्यालाच विचारून या, आणि लोकांना ते आवडलं नाही. एकाने माझ्या बायकोला विचारलं म्हणे, आजारपणानंतर साहेबांना शिष्टपणा आलाय का.

दादाचं आणि माझं पुढे सुरळीत झालं, म्हणजे भावांचं जेवढं होतं तेवढं. तो एकदा बोलून बसला होता त्याचा त्याला अधूनमधून राग यायचा, आणि मी लग्नाला गेलो नव्हतो त्याचा वहिनींना. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दादा सायखेड्याहून सकाळच्या गाडीने उपाशीपोटी यायचा आणि आम्ही दोघं बरोबर रक्त द्यायला जायचो. हे सात-आठ वर्षं चाललं. दोन हजार तीनच्या सुमाराला दादाला एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, तेव्हा त्याचे कागदही माझ्याच पिशवीत आले. तोवर रिपोर्ट कॉम्प्युटरवर छापून यायला लागले होते. अक्षर सुवाच्य झालं होतं आणि अक्षरांची संख्या तिप्पट.

डॉक्टरांच्या समोर दोन खुर्च्या असायच्या. मी दोन्ही फायली उघडून पानं क्रमाने लावून द्यायचो. तेवढं काम मला चांगलं जमतं. दादा पुढे सरकून बसायचा, टेबलावर दोन्ही हात ठेवायचा आणि आधी माझ्या कागदाकडे बोट करायचा. “हे काय लिव्हलं?” तो विचारायचा. डॉक्टर सांगायचे. दादा मान हलवायचा आणि बोट खालच्या ओळीवर न्यायचा.